थोडक्या कपड्यांत भागवणाऱ्यांनो, इकडे या (अनुभव धागा)

शेंगदाणा
परवा कपाट उघडलं आणि वरच्या कप्प्यातून ओढण्यांचा गठ्ठा थेट डोक्यात. मोजल्या तर १९ निघाल्या, त्यातल्या ११ ज्या ड्रेसवरच्या आहेत ते ड्रेस कधीच फाटून फरशी पुसायला गेलेत. म्हणून हा धागा. कॅप्सूल वॉर्डरोब (म्हणजे एकमेकांवर चालतील असे मोजकेच कपडे) हा शब्द हल्ली उठसूट ऐकू येतो. १९७०च्या दशकात लंडनला बुटिक चालवणाऱ्या सुझी फॉ बाईंमुळे तो रुळला, मग १९८५ला न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने सात कपड्यांचं कलेक्शन काढलं वगैरे वगैरे, पण त्या दोघींना ना ओढणी सांभाळायची होती ना मुंबईतला जुलै काढायचा होता. तेव्हा आपलं आपण लिहूया. किती कपडे, कुठले, कुठे फसलात, सगळं येऊद्या.

माझ्यापासून सुरुवात. गेल्या वर्षी ५ कुर्ते, ३ सलवारी-पँटी, २ ओढण्या एवढंच बाहेर ठेवलं. ५ गुणिले ३ गुणिले २ म्हणजे ३० जोड्या, मी खूश. प्रत्यक्षात घालण्यासारख्या निघाल्या ९! कारण कलमकारीच्या कुर्त्यावर बांधणीची ओढणी घेतली की माणूस प्रदर्शनातला स्टॉल दिसतो, आणि पटियालावर लांब कुर्ता म्हणजे तर बोलायलाच नको. आता सलवारी सगळ्या प्लेन (काळी, ऑफव्हाइट, विटकरी), आणि अंगावर एका वेळी प्रिंट एकच. तेव्हापासून जोड्या वीसच्या पुढे गेल्या, नवीन काही न घेता.

डबलफास्ट
डोंबिवलीकर, पुरुष, ऑफिस फोर्टला. पुरुषांना हा प्रश्नच नसतो असं बायको म्हणते, पण असतो. ४ शर्ट, २ पँट एवढ्यावर आठ महिने छान चालतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरते कारण कॉटनची पँट तीन-तीन दिवस वाळत नाही, पंख्याखाली टाकली तरी कमरेचा पट्टा आणि खिसे ओलेच, आणि तशीच घालून लोकलमध्ये उभं राहिलं की तो कुबट वास आपल्यालाच येतो, शेजारच्याचं तर विचारूच नका. शेवटी माझं गणित असं ठरलं की कपडे किती हवेत हे वाळायला किती दिवस लागतात त्यावरून काढायचं. पावसाळ्यासाठी २ टेरिकॉटच्या पँटी वेगळ्या, बाकी वर्षभर त्या पिशवीत. जीन्स जून ते सप्टेंबर बंद म्हणजे बंद.

वडिलांचे दोनच शर्ट होते, एक अंगावर एक दोरीवर. त्यांना कुणी मिनिमलिस्ट म्हटलं नाही, गिरणीतला पगार म्हटलं.

हळदीचा_डाग
मी तो परदेशी याद्यांवाला मूर्खपणा केलाय. बेज पँट, पांढरा शर्ट, कॅमल रंगाचं जॅकेट. नाशिकमध्ये. मिसळ खाणाऱ्या माणसाने बेज पँट घेऊ नये, विषय संपला. जॅकेट दोन हिवाळ्यांत मिळून चारदा घातलं असेल. आता नेव्ही, मरून, गडद हिरवा हे तीनच रंग, एकमेकांबरोबर कसेही जातात आणि तर्री दिसत नाही.

वेखंड
बाकीच्यांसारखी मी कुर्तेवाली नाही, शाळेत शिकवते आणि रोज साडी. सगळे म्हणतात साडी म्हणजे पसारा, मला उलट वाटतं. साडीला साइझ नसते! बाळंतपणानंतरही तीच, थायरॉइडनंतरही तीच, वाढतं ते फक्त ब्लाउज. खरी अडचणही तिथेच आहे, दर साडीला आतला ब्लाउजपीस शिवत बसलं की १२ साड्यांना १२ ब्लाउज आणि निम्मे दंडात घट्ट. मी काय केलं, रोजच्या साड्या बहुतेक इरकल ठेवल्या. साडीचं अंग काळं असो, हिरवं असो, पारंपरिक इरकलीचा पदर लालच असतो, मग लाल खणाचा एक ब्लाउज सगळ्यांवर चालतो. अजून एक काळा, एक मोहरी. ७ साड्या, ३ ब्लाउज, पाच वर्षं झाली. शिवताना शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया सोडायला सांगायची, टेलर कुरकुरतो, कुरकुरू द्या.

रेशमी दोनच आहेत. मलमलच्या फडक्यात गुंडाळून, सोबत वेखंडाचा तुकडा, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची नाहीतर जर घडीवर चिरते. माझी पैठणी अशीच चिरली, ती कपाटात सुरक्षित आहे या भ्रमात मी सहा वर्षं होते.

बर्फाळ_चकली
शिकागो. इथे कमी कपडे म्हणजे एकावर एक चढतील असे कपडे. आत थर्मल, वर तोच भारतातला कॉटनचा कुर्ता, वर स्वेटर, वर कोट. पाच महिने लोक फक्त कोट बघतात, आत काय आहे कुणाला पत्ता नाही, त्यामुळे कोट एकच पण चांगला घेतला. भारतातून येताना दोन बॅगा साड्यांनी भरून आणल्या होत्या, वर्षाकाठी नेसणं होतं गणपती, दिवाळी, संक्रांत. आता ४ उरल्यात आणि आम्ही पाच मैत्रिणी आपसांत फिरवतो. फोटोत तीच साडी दिसते हो, दिसू दे, आत वेगळी बाई असते.

उसवण
मला नाही जमलं, तेही लिहिते. कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन बाईंचं प्रोजेक्ट ३३३ आहे, २०१०चं, तीन महिने फक्त ३३ वस्तू, त्यात चपला-दागिनेही धरायचे. मी पहिल्या दिवशी परकर मोजायचा की नाही इथेच अडकले. दुसऱ्या महिन्यात सासरी लागोपाठ मुंज, डोहाळजेवण आणि एक वर्षश्राद्ध आलं. तीन्ही ठिकाणी तेच नातेवाईक. तिसऱ्या वेळेला आत्याबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना रे, नोकरीबिकरी?"

वेखंड
@उसवण 😄 परकर आतल्या कपड्यांत, मोजायचा नाही. मोजलात तर माझे काळा आणि मरून दोनच आहेत.

डबलफास्ट
आत्याबाई पुढच्या वेळी पाकिटात जास्त घालतील, चालू ठेवा.

शेंगदाणा
@वेखंड शिवणीतल्या मायेची टीप आजच टेलरला सांगितली, अपेक्षेप्रमाणे कुरकुरला. बाकी त्या ११ ओढण्यांचं काय झालं ते राहिलंच. बोहारीण आली होती, तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही, "जरीची साडी, शर्टपँट असलं तर काढा ताई" म्हणाली. शेवटी चार सुती ओढण्या आईने गोधडीच्या अस्तराला नेल्या, दोन भाजी निवडायला, उरलेल्या शिफॉनच्या पाच कुणालाच नकोयत. वरचा कप्पा मात्र रिकामा झाला होता. दोन तास. नवऱ्याने तिथे क्रिकेटचं किट ठेवलंय.