थंडीत कोकण: तुमचे अनुभव येऊ द्या

द्राक्षवाली
निफाडचा पारा पुन्हा घसरला. बागेत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि तो धूर नाकात गेला की मला हमखास मालवण आठवतं. लहानपणी नाताळच्या सुट्टीत लाल डब्यातून उतरलो ते स्वेटर, कानटोपी, मफलर अशा थाटात, आणि स्टँडवर लोक बनियनवर! बाबांनी सगळ्यांचे स्वेटर चादरीत बांधले आणि ते गाठोडं काखोटीला मारून सिंधुदुर्ग किल्ल्यावरही नेलं. होडीवाला म्हणाला, "कपडे इकूक इलात काय?"
आता जानेवारीत आईला न्यायचंय. गुडघे धरलेत तिचे. तारकर्ली की देवबाग? लिहा काहीही, फाटे फुटले तरी चालतील.

माहेर कुडाळ
जानेवारीच बरा. ३१ डिसेंबरला मालवणच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. कुडाळला उतरा, पुढे रिक्षा. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी सुटतं, सकाळी ८ ला फोन हातात घेऊनच बसा.

ठाणेकर अण्णा
तुतारी एक्स्प्रेसच्या स्लीपरला पहाटे सणसणीत वारा लागतो हो. गाठोडं न्याच 😂

सुमाताई
आम्ही गेलो तेव्हा मार्गशीर्ष होता आणि सासूबाईंचे गुरुवार. शेजारच्या टेबलावर तळलेली सुरमई, आमच्यापुढे वरणभात. ह्यांचा चेहरा बघवेना. शेवटी घरमालकीणबाईंनी कुळथाची पिठी केली, वर खोबरेल तेलाची धार आणि भाजलेला पापड. परत आल्यावर ह्यांनी सुरमईचं नाव नाही काढलं, पिठीच मागतात. माझी तशी होत नाही, कुळीथ इथले म्हणून असेल.

माहेर कुडाळ
सुमाताई, कुळीथ भाजून मग दळा. लसूण सढळ.

रेवदंडा
कशाला एवढं लांब? अलिबागला या, पोपटी लावू.

नुसता वाचक
आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख लागली का?

माहेर कुडाळ
देवीचा कौल झाला की कळेलच.

देवबागचो
आईंसाठी सांगतो. देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. घर नदीच्या बाजूचं घ्या, दारापर्यंत गाडी येते ना ते आधी विचारा. भुसभुशीत वाळूत गुडघ्यांची वाट लागते. किल्ल्याला सकाळीच जा, दुपारी ऊन मी म्हणतं. होडीत चढताना दोघांनी हात द्या. आत शिवराजेश्वर मंदिर करा. दूधबाव, साखरबाव, दहीबाव जवळच आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरी गोड. पूर्ण तटावर फिरवू नका. आणि गावात कुठे जत्रा असेल तर दशावतार बघा. रात्री उशिरा उभा राहतो, पहाटेपर्यंत चालतो. बसायला खुर्ची मागून घ्या, देतात.

ठाणेकर अण्णा
@रेवदंडा पोपटीत पाणी किती?

रेवदंडा
थेंबभर नाही! मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं, भोवती पेंढा नि काटक्या. पाल्याच्या ओलीवर शिजतं.

द्राक्षवाली
सगळं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, गुडघ्यांचं मी बघते, तू तिकिटाचं बघ. देवबागचो, खूप आभार!

सुमाताई
रेवदंडा, शाकाहारी मडकं वेगळं लावता का? आमचे गुरुवार संपलेत, पण सासूबाई बारमाही आहेत.

रेवदंडा
लावतो की. शेंगा मात्र तुम्ही निवडायच्या.