मदत हवी आहे: बर्लिनच्या म्युझियममधून चोरीला गेलेलं १०० किलोचं नाणं, आणि मुलांचा एक प्रश्न

नमस्कार मंडळी,

जरा अडलेय म्हणून धागा काढतेय. मी बर्लिनमध्ये राहते, इथे आम्ही काही पालक मिळून रविवारी मुलांना मराठी शिकवतो, माझ्याकडे ९ ते १३ वयाची अकरा मुलं आहेत. महिन्यातून एकदा त्यांना कुठेतरी फिरवून आणायचं आणि मग त्यावर मराठीत बोलायचं असं ठरलेलं आहे. येत्या रविवारी बोडे म्युझियमला जायचंय, अठराच्या आतल्या मुलांना तिथे तिकीट नाही त्यामुळे पालकही खूश.

तर मुलांना उत्सुकता वाटावी म्हणून मी गेल्या रविवारी त्यांना त्या मोठ्या नाण्याच्या चोरीची गोष्ट सांगितली. २७ मार्च २०१७ची पहाट, तीन ते चारच्या मधली वेळ, म्युझियमच्या अगदी मागून लोकल ट्रेनचे रूळ जातात आणि त्या वेळी गाड्या बंद असतात, तर चोर त्या रुळांवरून चालत आले, शिडी लावली, कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरले, कुऱ्हाडीने काच फोडली आणि कॅनडाचं १०० किलो सोन्याचं नाणं उचललं. आतमध्ये चाकाच्या फळीवरून नेलं, बाहेर रुळांवरून एकचाकी ढकलगाडीवरून, मग दोराने खाली बागेत उतरवलं आणि गाडीत घालून पसार. मुलं अशी रंगून ऐकत होती की मीही वाहवत गेले, आवाज बारीक करून वगैरे सांगितलं. संपल्यावर दोघातिघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. चोरांसाठी!

मग एका मुलीने, एरवी ती फार बोलत नाही, विचारलं, "ताई, मग राणीचा चेहरा आता कुठे आहे?" (नाण्यावर एलिझाबेथ राणी होती आणि मागे मॅपलची पानं.) मी म्हटलं बहुतेक वितळवलं असणार, नाणं कधीच सापडलं नाही. त्यावर एक मुलगा लगेच म्हणाला, "मग काय बिघडलं, सोनं तर तेवढंच राहिलं ना?"

मला उत्तरच देता आलं नाही हो. आठवडाभर डोक्यात तेच चाललंय. तर मला दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. एक म्हणजे एवढा मोठा गोळा असा लपूनछपून वितळवता येतो का, येत असेल तर कसा. आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं, त्या मुलाला काय सांगू? कारण खरं सांगायचं तर ते नाणं २००७ सालचं, टांकसाळ दुसरं पाडूही शकते, मग नक्की गेलं काय? उगाच "वारसा, वारसा" असं काहीतरी पोकळ बोलायचं नाहीये मला.

— केतकी_बर्लिन

---

ताई, आमच्याकडे तीन पिढ्या सोनारकाम आहे त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. येतं, सहज येतं. सोनं १०६४ अंशाला वितळतं, लोखंडाइतकी उष्णता लागत नाही, छोटी भट्टी किंवा चांगली गॅसची ज्योत पुरते. अख्खं नाणं एका वेळी आटवायची गरजच नाही, आधी तुकडे करायचे, थोडे थोडे मुशीत (आटवायच्या भांड्यात) घालायचे, टाकणखार (बोरॅक्स) टाकायचा, रस झाला की ओतून लगड, म्हणजे सोन्याची वीट, करायची. आणि एवढं शुद्ध सोनं खूप मऊ असतं, दागिना टिकावा म्हणून तर आम्ही त्यात तांबं-चांदी घालतो, त्यामुळे कापायलाही फार त्रास नाही.

मुलांना एक गंमत दाखवा. सोनं पाण्याच्या १९ पटीने जड असतं, म्हणजे १०० किलो सोनं आटवलं तर साधारण सव्वापाच लिटर होतं, बस. पाण्याच्या लिटरच्या पाच बाटल्या आणि सहावीत थोडंसं एवढं समोर मांडा आणि सांगा की एवढं सोनं एकट्या माणसाला सहज उचलता येत नाही.

आणि चोर कशाने अडकले तेही सांगा, मी त्या वेळी बातम्या बारकाईने वाचल्या होत्या. बाजारातली चोख लगड बहुतेक ९९९.९ची असते, म्हणजे हजार भागांत ९९९.९ भाग सोनं, हे नाणं ९९९.९९चं होतं, पाच नऊ. असं सोनं फार थोड्यांच्या हाताला लागतं. पोलिसांना कपड्यांवर आणि गाडीत तसल्याच शुद्धतेचे बारीक कण सापडले. डोळ्यांना दिसणारही नाही एवढी धूळ, पण तिनेच सांगितलं. उलट एकदा दुसऱ्या सोन्यात मिसळून आटवलं की झालं, मग त्या सोन्याला नाव-गाव राहत नाही, कोणीही ओळखू शकत नाही.

— मूस_आणि_फुंकणी

---

केतकी, तुझा दुसरा प्रश्न मला फार आवडला. मी नाणी जमवतो म्हणून थोडं लांब लिहितोय, चालवून घे.

त्या मुलाला आधी सांग की तू अर्धा बरोबर आहेस. मुलांना खोटं लगेच कळतं. ते नाणं म्हणजे टांकसाळीने आपली करामत दाखवायला केलेली वस्तू, ५३ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर जाड, वर लिहिलेली किंमत १० लाख कॅनेडियन डॉलर पण आतल्या सोन्याचीच किंमत चोरी झाली तेव्हा ३७ लाख युरोच्या आसपास. ते म्युझियमचंही नव्हतं, एका खासगी मालकाचं, दाखवायला ठेवलेलं. आणि ती काही एकच प्रत नव्हती. म्हणजे गेले ते मुख्यतः पैसे. मला स्वतःला त्या नाण्यासाठी फार रडू येत नाही.

पण आता त्याला दुसरं नाणं दाखव. त्याच इमारतीत नाण्यांचा जो संग्रह आहे त्यात पाच लाखांहून जास्त वस्तू आहेत, सुरुवात थेट ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातल्या आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) नाण्यांपासून. नखाएवढी असतात ती. वितळवली तर हातात चिमूटभर धातू येईल. चोराच्या हिशेबात तिथली सगळ्यात महाग वस्तू ते १०० किलोचं, आणि माझ्या हिशेबात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच.

आणि मांखिंगची गोष्ट सांगच. बव्हेरियातलं गाव, तिथे केल्ट या युरोपातल्या प्राचीन लोकांची मोठी वस्ती होती, १९९९ मध्ये उत्खननात ४८३ सोन्याची नाणी एकत्र सापडली, साधारण ख्रिस्तपूर्व १००ची, छोट्या वाटीसारखी खोलगट. अशा नाण्यांना तिकडे इंद्रधनुष्याच्या वाट्या म्हणतात, कारण पाऊस पडून गेल्यावर शेतात ती चमकताना दिसायची आणि लोकांना वाटायचं की इंद्रधनुष्य जिथे टेकलं तिथे ती पडली. २२ नोव्हेंबर २०२२च्या रात्री ती सगळी चोरली. आधी टेलिफोन-इंटरनेटच्या केबल कापल्या, मग नऊ मिनिटांत काम उरकलं. पुढच्या वर्षी पकडले तेव्हा एकाकडे सोन्याच्या १८ गुठळ्या मिळाल्या, एकेका गुठळीत साधारण चार नाणी वितळलेली.

सगळी मिळून सोनं किती होतं, चार किलोही नाही. पण ती कोणी एकत्र करून पुरली, कुठून आणलेलं सोनं, कुठलं नाणं किती झिजलंय, कोणाच्या शेजारी कोण होतं, हे सगळं त्या नाण्यांनाच माहीत होतं आणि आपण त्यांना विचारत होतो. गुठळीला काय विचारणार? त्या मुलाला सांग, सोनं तेवढंच राहिलं, पण आता ते बोलत नाही.

— जुनी_मोहोर

---

मी शिक्षिका आहे, माझं थोडं वेगळं मत. टाळ्या वाजवल्या म्हणून एवढी खट्टू होऊ नकोस. शिडी, दोर, ढकलगाडी ऐकून कुठलंही मूल खूश होणारच. तू गोष्ट मध्येच थांबवलीस एवढंच झालं. पुढचं सांग ना. २० फेब्रुवारी २०२०ला कोर्टाने दोन चुलतभावांना साडेचार वर्षांची शिक्षा दिली, आणि म्युझियममध्ये रखवालीला असलेल्या तरुणाला ३ वर्षं ४ महिने, कारण आतली माहिती त्याने दिली होती. तो त्यातल्या एकाचा शाळेतला मित्र. वर दोघा भावांकडून ३३ लाख युरो वसूल करायचा हुकूम. माझी मुलं असती तर मी त्या रखवालदारावरच थांबले असते, की मित्राने मागितलं तर नाही कसं म्हणायचं, यावर मुलं तासभर बोलतील.

शिवाय त्या दोघांतला एक जण पुढे ड्रेस्डेनच्या राजखजिन्याच्या चोरीतही दोषी ठरला. ती चोरी झाली नोव्हेंबर २०१९ला, म्हणजे इकडचा खटला चालू असताना! तिथले बरेचसे दागिने २०२२च्या डिसेंबरात परत मिळाले, थोडे मोडके का होईना. नाणं मात्र नाही.

— खडूफळा

---

तिघांचेही मनापासून आभार, मला खरंच एवढी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री जुन्या वर्तमानपत्रांची पानं चिकटवून ५३ सेंटिमीटरचा गोल कापला. टेबलवर ठेवला तर शेजारी ताट ठेवायला जागा उरेना, वाचताना हे मला कळलंच नव्हतं. त्याच्या मध्यभागी पेन्सिलीने नखाएवढा गोल काढला आहे. रविवारी म्युझियमच्या पायऱ्यांवर तो कागद पसरणार, पाण्याच्या बाटल्याही नेतेय, आणि मग आत जाऊन सगळ्यात लहान नाणं शोधायला सांगणार. परत येताना मांखिंग. रखवालदाराचं पुढच्या रविवारी वर्गात करीन, त्याला वेळ द्यायला हवा.

राणीचा चेहरा विचारणाऱ्या मुलीला मात्र सरळ सांगेन की तो बहुधा आता कुठेच नाही. तिला ते आवडणार नाही, मलाही सांगायला जड जातंय.

शेवटचं एक, मुलांच्या वहीसाठी शब्द हवाय. ज्याने नाण्यावर चित्र उमटवतात त्याला साचा म्हणू की ठसा? माझा गोंधळ होतोय.

— केतकी_बर्लिन

---

ठसा. साच्यात रस ओततात, ठशाने वरून ठोकतात. आणि नाणं "बनवतात" असं नका लिहू देऊ त्यांना, नाणं पाडतात.

— मूस_आणि_फुंकणी