चाळिशीनंतरचे कपडे : माप कोणाचे धरायचे?

(आर्वी तालुक्यातल्या एका कॉलनीच्या महिला ग्रुपवरील चर्चा)

वैशालीताई : सर्वांना नमस्कार. वैशाखात पुतण्याचे लग्न आहे. साडी ठरली आहे, परंतु ब्लाउज शिवायचा आहे आणि शाळेत घालण्यासाठी तीन-चार चांगले कुर्तेही हवे आहेत. परवा अमरावतीच्या एका मोठ्या दुकानात गेले असता मला दोनच प्रकार दाखवण्यात आले : एक तर कॉलेजच्या मुलींच्या अंगाला बेतलेले कुर्ते, ज्यांच्या बाहीत माझा दंड अडकतो, नाही तर ‘तुम्हाला हे शोभेल’ असे म्हणून पुढे केलेले, फिक्या रंगाचे आणि खांद्यावरून ओघळणारे झगे. या दोहोंच्या मधले, अंगाला नीट बसणारे आणि दिसायलाही देखणे असे काही आपल्या भागात मिळते का, की शिवूनच घ्यावे लागेल? जाणकारांनी कृपया सांगावे.

कुंदाकाकू : वैशाली, आता या वयात आपल्याकडे बघतो कोण? अंगभर असावे आणि धुवायला सोपे असावे, एवढे पुरेसे आहे.

वैशालीताई : काकू, कोणी बघावे म्हणून मी विचारत नाही. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की संपूर्ण कुर्ता पोटापर्यंत वर चढतो, आणि मग उरलेला तास एका हातात खडू व दुसऱ्या हातात कुर्त्याची कड धरून शिकवावे लागते.

शुभांगीवहिनी (कॉलनीत शिवणकाम करणाऱ्या) : वैशालीताई, तुम्ही जे सांगितले ते कुर्ता लहान असल्याचे लक्षण नाही, तर मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची काखेकडची गोलाई, खोल असल्याचे आहे. मुंढा काखेपासून जितका खाली उतरतो तितकी बाही कुर्त्याच्या बाजूला खाली जोडली जाते, आणि हात वर गेला की बाही आपल्याबरोबर सगळी बाजू ओढून नेते. अशा वेळी आपण दुकानात एक साइज मोठा मागतो आणि अडचण आणखी वाढवून घेतो, कारण मोठ्या साइजचा मुंढा अधिकच खाली असतो, खांद्याची शिवण दंडावर येते आणि गळा एका बाजूला घसरतो. कारखान्यात मोठा साइज काढतात तो बहुधा लहान साइजच सगळीकडून ठरावीक अंतराने वाढवून काढतात. आपले अंग मात्र तसे वाढत नाही. खांद्याचे हाड चाळिशीत रुंद होत नाही. भर येते ती पोटावर, दंडावर आणि पाठीवर.

म्हणून तयार कुर्ता घेताना पहिल्यांदा फक्त खांदा बघावा. शिवण खांद्याच्या टोकाशी बसली पाहिजे. कंबर आणि लांबी नंतर दुरुस्त करता येते. छातीत किंवा पोटावर घट्ट होत असेल तर आत माया (शिवणीत राखलेले जादा कापड) असल्यास ती उसवून अर्धा-पाऊण इंच सोडता येते. खांदा मात्र उसवायचा म्हणजे बाही, गळा आणि मुंढा हे सगळेच उसवणे आले, आणि त्या दुरुस्तीत नव्या शिलाईएवढीच मेहनत जाते.

प्रणाली : वहिनी, साइजबद्दल थोडी भर घालते. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांचे मापाचे तक्ते परदेशी तक्त्यांवरून घेतलेले आहेत. म्हणून निफ्ट या वस्त्र-अभिकल्पाच्या केंद्रीय संस्थेने ‘इंडिया साइज’ हा प्रकल्प हाती घेतला आणि १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायचे ठरवले. त्यासाठी कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग ही सहा शहरे निवडली गेली. आपल्या बाजूने मुंबई आहे; वऱ्हाडातली शेतात वाकून काम करणारी बाई त्या स्कॅनरसमोर उभी राहिली असण्याची शक्यता कमीच.

ऑनलाइन मागवत असाल तर छापलेल्या अक्षरांवर अजिबात जाऊ नका. एका कंपनीचा ‘एक्सएल’ दुसरीच्या ‘एल’ला येऊन भिडतो. स्वतःचा सर्वांत नीट बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, दुप्पट करावे आणि तो आकडा तक्त्यातील तयार कपड्याच्या मापाशी ताडून पाहावा. तक्त्यात अंगाचे माप दिले आहे की कपड्याचे, हे आधी वाचून घ्यावे. ताण न देणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्यात या दोहोंत तीन-चार इंचांचा फरक असतो.

कुंदाकाकू : एवढे गणित करण्यापेक्षा जुना ब्लाउज मापाला दिला की झाले. मी आजवर तेच करत आले आहे.

शुभांगीवहिनी : काकू, राग मानू नका, पण आमच्याकडे येणारे निम्मे बिघाड त्या मापाच्या ब्लाउजमुळेच होतात. तो ब्लाउज दहा वर्षांपूर्वीच्या अंगावर बेतलेला असतो, मधल्या काळात दोनदा उसवलेला आणि एकदा आटलेला असतो, आणि तुम्ही आम्हाला सांगता की ‘अगदी असाच शिवा, फक्त थोडा सैल करा’. थोडा सैल म्हणजे नेमका कुठे, हे कोणीच सांगत नाही. चाळिशीनंतर छातीचा उभार थोडा खाली येतो, ही लाजण्याची गोष्ट नाही. परंतु टक (उभाराला जागा देण्यासाठी कापडाला घातलेल्या टोकदार चुण्या) मात्र जुन्या ब्लाउजवरून जुन्याच उंचीवर घातले जातात. मग टकाचे टोक वर रिकामे उभे राहते, खाली कापड ताणते आणि दोन हुकांच्या मधे फट पडते. बाईला वाटते की आपण जाड झालो. छातीचा घेर पुष्कळदा बरोबरच असतो, चुकलेली असते ती टकाची जागा. खांद्यापासून उभाराच्या टोकापर्यंतचे माप वेगळे घेऊन लिहून ठेवले की ही फट मिटते.

पाठीचेही तसेच आहे. पाठ किंचित वाकू लागली की मागचा भाग पुढच्यापेक्षा लांब लागतो. तसा ठेवला नाही तर ब्लाउज मागून वर चढतो आणि पुढून गळा खाली लोंबतो. कटोरी (छातीशी वाटीसारखे वेगळे तुकडे जोडलेला बेत), प्रिन्सेस कट की साधे चार टक, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. माझे मत विचाराल तर भरलेल्या अंगाला प्रिन्सेस कट चांगला, कारण त्याची उभी शिवण खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून थेट कमरेपर्यंत जाते आणि पुढे कधी सोडायचे झाल्यास त्या शिवणीतही माया ठेवता येते. कटोरीत ती सोय फार कमी असते.

अर्चनाताई : मी ग्रामीण रुग्णालयात काम करते, म्हणून एक बाजू मीही सांगते. आपल्या देशात पाळी थांबण्याचे सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. त्या आधीच्या काही वर्षांपासून संप्रेरके कमी होतात आणि जी चरबी पूर्वी मांड्या व नितंबांवर साठत असे ती पोटाभोवती साठू लागते. त्यामुळे वजनकाट्यावर फारसा फरक नसतानाही जुना कुर्ता पोटावर अडतो. त्याच काळात अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन घाम फुटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असतो. त्यात पॉलिस्टरचे अस्तर लावलेला ब्लाउज अंगात असला तर मांडवात बसलेल्या बाईचे काय होते, ते प्रत्येकीने अनुभवले असेल.

दुसरे म्हणजे चाळीस ते साठ या वयात खांदा आखडण्याचा त्रास पुष्कळ जणींना होतो, मधुमेह असल्यास अधिकच. ज्यांचा हात मागे जात नाही त्यांनी पाठीवर हुक किंवा चेन असलेला ब्लाउज कितीही सुंदर दिसला तरी शिवू नये. पुढे हुक घ्यावेत.

कुंदाकाकू : माझा उजवा हात दिवाळीपासून मागे जात नाही. साडीची गाठ मात्र मी अजून घट्टच मारते. सैल गाठीवर साडी टिकत नाही.

अर्चनाताई : काकू, त्या गाठीबद्दल मी मुद्दाम लिहिणार होते. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे परकर किंवा लुगडे कमरेवर एकाच जागी आवळून बांधल्यामुळे तेथील कातडी आधी काळवंडली, मग सोलली गेली, मग जखम झाली आणि ती भरलीच नाही. शेवटी त्या जागी त्वचेचा कर्करोग निघाला. त्यांपैकी एक बाई परकर न घालता लुगडे नेसणारी होती, म्हणजे दोष नुसत्या परकराच्या नाडीचा नाही, एकाच जागी सतत पडणाऱ्या दाबाचा आणि घर्षणाचा आहे. असे फार क्वचित घडते, त्यामुळे कोणी घाबरून जाऊ नये. पण कमरेवर काळा वळ उठला असेल, खाज येत असेल, किंवा महिनाभरात न भरलेली जखम असेल, तर तिला हळद लावत न बसता दवाखान्यात दाखवावी.

वैशालीताई : मग गाठ सैल ठेवून साडी टिकावी कशी?

शुभांगीवहिनी : बाजारातल्या परकराला अर्ध्या इंचाच्या नेफ्यात सुतळीसारखी नाडी असते, ती कातडीत रुतते. नेफ्याच्या जागी तीन-चार इंच रुंद दुहेरी कापडाचा पट्टा लावून घ्यावा आणि नाडीही चपटी घ्यावी; दाब रुंद जागेवर पसरतो आणि गाठ आवळायची गरज उरत नाही. परकर कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा तुकड्यांचा) असावा, म्हणजे वर कमरेशी चुण्यांचा गठ्ठा होत नाही आणि पोटावर साडी सपाट बसते. नेसलेली साडी देखणी दिसण्याचे निम्मे श्रेय परकराचे असते, पण साडीला हजारो रुपये घालणाऱ्या बायका परकर मात्र बाजारातला सगळ्यांत स्वस्त उचलतात. ते जे अंगाला चिकटणारे ताणाचे शेपवेअर निघाले आहे, ते डिसेंबरातल्या रिसेप्शनला तासाभरासाठी ठीक आहे. वैशाखात ते घालण्याचा सल्ला मी वैऱ्याच्या बायकोलाही देणार नाही.

रेखामावशी : मी भंडाऱ्याहून लिहिते आहे. लग्नासाठी साडी ठरली आहे असे वैशाली म्हणाली, पण अजून घेतली नसेल तर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, विचार करावा. आमच्याकडे मोहाडी, आंधळगाव भागात कोसा विणला जातो आणि करवती (करवतीच्या दात्यांसारख्या) किनारीच्या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. कोशाचे कापड थोडे ताठ असते, अंगाला चिकटत नाही, त्यामुळे भरलेल्या शरीरावर त्याची घडी सुरेख पडते. त्याचा मूळचा मधासारखा रंग सावळ्या वर्णावर जितका खुलतो तितका कारखान्यातला कोणताही सोनेरी रंग खुलत नाही, हे माझे ठाम मत आहे.

शुभांगीवहिनी : मावशी, अगदी खरे. फक्त कोशाचा ब्लाउज घट्ट शिवू नये, कारण ताण पडला की शिवणीजवळचे धागे सरकतात आणि कापड फाकते. आत सुती अस्तर हवे, आणि ते अस्तर आधी भिजवून वाळवून घेतलेले हवे. नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि वरचे कापड फुगून राहते.

वैशालीताई : आणि रोजच्या कुर्त्यांसाठी कापड कुठून घ्यावे? आठवडी बाजारात तर सगळे सुरतेचे पॉलिस्टरच दिसते.

प्रणाली : कापूस आपल्या शेतात पिकतो आणि अंगात मात्र सुरतेचा कुर्ता, हे दुखणे जुने आहे. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, जे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झाले. तेथे नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी मिळते. पोत थोडा जाडसर असतो, पण घाम टिपते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते.

शुभांगीवहिनी : खादी घ्या, मात्र शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवून वाळवून आणा. न भिजवलेल्या सुती कापडाचा कुर्ता लांबीत सहज इंच-दीड इंच आटतो, आणि मग चांगल्या मापाचेही खापर शिवणारीवर फुटते. ४४ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड असेल तर पाऊण बाहीच्या, गुडघ्याखालपर्यंतच्या कुर्त्याला अडीच मीटर लागेल. पन्हा कमी असेल तर त्याहून जास्त.

बेताबद्दल दोन गोष्टी सांगते. बाजूची चीर पोटाच्या सर्वांत फुगीर भागाशी सुरू झाली की ती सतत फाकलेली दिसते; ती कमरेच्या हाडाखाली, नितंबांच्या भरापाशी सुरू करावी आणि तेथे घेर मोकळा ठेवावा. कुर्त्याची कड पोटरीच्या सर्वांत जाड जागी संपू नये. गुडघ्याच्या जरा खाली किंवा थेट घोट्याजवळ संपावी. बाकी रंग, बुट्टे, पट्टे तुमच्या आवडीचे. ‘वयाला शोभतील’ म्हणून राखाडी आणि बदामी रंग गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांशी माझे जुने भांडण आहे.

कुंदाकाकू : शुभांगी, विचारायला संकोच वाटतो, पण माझ्याकडे सुनेने आणलेले मोरपंखी खणाचे कापड कपाटात तसेच पडून आहे. पुढे हुक, कोपरापर्यंत बाही आणि मागचा गळा बंद असा ब्लाउज त्यातून निघेल का? कापड मीटरभर आहे.

शुभांगीवहिनी : काकू, खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे कोपरापर्यंतची बाही मीटरभरात बसेल की नाही ते कापड पाहून सांगते, न बसल्यास किनार बाहीला वापरून जोड देता येईल. रविवारी दुपारी चारनंतर या, वैशालीताईंनाही घेऊन या. मापाचा ब्लाउज आणू नका. साडीखाली नेहमी जी अंतर्वस्त्रे घालता तीच घालून या, कारण त्यांवर टकाची उंची ठरते. आणि पोट आत ओढून माप द्यायचे नाही, खुर्चीवर बसवूनही मी एकदा माप घेणार आहे. लग्नसराईचे कपडे अक्षय्य तृतीयेपूर्वी हवे असतील तर कापड भिजवून याच आठवड्यात द्यावे लागेल, त्यानंतर माझ्याकडे हात रिकामा नाही.