ग्वेंट : मॉन्स्टर्सची खासियत खरंच फुकट कार्ड आहे का?

सांगलीकर मित्रांनी लिहिलंय, की विचर ३ या व्हिडिओ गेममधल्या ग्वेंट या पत्त्यांच्या खेळात मॉन्स्टर्स या गटाचं एक युनिट (ताकदीचा आकडा असलेलं सैनिकाचं कार्ड) फेरीनंतर पटावर राहतं, म्हणजे सरळ एक कार्ड फुकट. निम्मं पटतं, दादा. कुठलं युनिट राहणार ते आपल्या हातात नसतं ना! पटावर आठ युनिटं असतील आणि दहा ताकदीचं एकच, तर ते उरण्याची शक्यता आठात एक. मस्टरने (एक कार्ड टाकलं की त्याच्या जोडीची बाकीचीही आपोआप पटावर येतात) बारक्या कार्डांची गर्दी केली की खासियत आपणच बोथट करतो. जतच्या पावसासारखी, पडली तर पडली. पहिल्या फेरीत मोजकी, वजनदार युनिटं टाका. फेरी जिंकून दुसऱ्या फेरीत लगेच पास दिला, तरी पटावर उरलेल्या युनिटला मागे टाकायला समोरच्याला बहुतेक एक कार्ड मोडावंच लागतं. खरी कमाई तिथे आहे.

नॉर्दर्न रेल्म्स या दुसऱ्या गटाला फेरी जिंकल्यावरच कार्ड मिळतं, आणि दुसरा विजय म्हणजे डाव संपला. म्हणजे कामाचं कार्ड एकच, पण ते हातात येतं, हवं तेव्हा टाका. मॉन्स्टर्सचं हरल्यावरही राहतं. निल्फगार्ड या तिसऱ्या गटाची बरोबरीत जिंकण्याची सवलत क्वचितच कामी येते.