नववी ते बारावी : सोलापुरात स्वयंसेवेचं खरं काम कुठे सापडतं?

पोरांना समाजासाठी काहीतरी करायचं असतं आणि वाट्याला येतं झाडू हातात धरून फोटो काढणं. ज्यांनी या वयाच्या मुलांकडून कामं करून घेतली आहेत, त्यांनी लिहा. काम कोणतं, लागतं काय, बिनसतं कुठे, एवढंच. भाषणं नकोत, आणि उत्तराच्या वर आपलं टोपणनाव टाका.

उजळणी
लेखनिक व्हा. अंध विद्यार्थ्याच्या बोर्डाच्या पेपरला खालच्या इयत्तेतला लेखनिक लागतो, म्हणजे नववी आणि अकरावीची मुलं नेमकी कामाची. चौकशी दिवाळीनंतर लगेच करा, कारण प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि जानेवारीत धावपळ करून काही उपयोग होत नाही. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, तेव्हा तीन तासांचा पेपर चार तासांचा धरा आणि तेवढा वेळ हात चालतो का ते घरी बघा. परीक्षार्थ्याबरोबर निदान दोन सराव पेपर हवेत. तो स्वल्पविराम सांगतो का, लिहिलेलं परत वाचून घेतो का, गणिताची पायरी कशी बोलतो, हे तिथेच कळतं. हुशार पोरं एका ठिकाणी चुकतात : सांगितलेलं उत्तर 'सुधारून' लिहितात. सांगेल तेच लिहायचं. आणि आपल्या घटक चाचणीच्या तारखा आधी बघूनच होकार द्या, ऐनवेळी नाही म्हटलं तर समोरच्याचा पेपर बुडतो.

पूर्वभाग
वाचनवर्ग. आमच्याकडे, म्हणजे शहराच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, शाळेत मराठी. चौथीतलं पोर चौथीचं वाचेल असं समजू नका. आधी प्रत्येकाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचायला द्या. माणशी तीन-चार मिनिटं पुरतात. मग इयत्ता विसरून, जो जिथे अडला त्यानुसार पाच-सहा जणांचे गट करा. 'तो झाड', 'ती पुस्तक' असं येणारच. हसलात की पोर पुढच्या शनिवारी येत नाही. बरोबर वाक्य आपण सहज म्हणायचं नि पुढे जायचं. वेळ विडी वळणाऱ्या आयांना विचारून ठरवा, कारण मोठ्या मुलींना घरात हात लावावा लागतो. जागा उघडी हवी, समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप, आणि एक मोठं माणूस हजर. वर्ग मोडतो तो सहामाहीच्या सुमारास, शिकवणारेच गायब होतात म्हणून. प्रत्येक गटाला सुरुवातीपासून दोघं नेमा.

माळरान
झाडं लावायला जाऊ नका, जगवायला जा. जुलैत लावणारे शंभर भेटतात, एप्रिलमध्ये पाणी घालणारं कुणी नसतं. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा वरून ओतलेलं पाणी वाफ होऊन जातं. मातीचं जुनं मडकं घ्या, बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात ओवा, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. आळ्यात पाचट किंवा वाळका पाला पसरा. वात घट्ट बसली तर पाणी झिरपत नाही, सैल राहिली तर रात्रीत मडकं रिकामं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत सगळं आटपा.

आणि नान्नजकडच्या माळावर वृक्षारोपण नको बे! ते गवताळ रान आहे, माळढोक पक्ष्याला उघडं माळच लागतं. तिथे झाड लावणं म्हणजे त्याचं घर मोडणं. पक्षी बघून नोंदी ठेवायच्या असतील तर वनखात्याची परवानगी घेऊन, जाणत्या माणसाबरोबर जा.

दूर्वा
गणपती विसर्जनाला निर्माल्य गोळा करा. तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांना उभं करू नका, टेबल काठापासून लांब मांडा. तीन पिंपं : फुलं-पत्री, नारळ-फळं, आणि दोरा-प्लॅस्टिक-चमकी. कात्री आणि रबरी हातमोजे हवेत, सुती मोजे दहा मिनिटांत भिजतात. हाराचा दोरा तिथेच कापून काढा, नंतर कुणी काढत नाही. खताला दोन घमेली निर्माल्यावर एक घमेलं वाळका पाला नि शेणकाला. नुसती ओली फुलं भरली की सडून वास मारतात आणि पुढच्या वर्षी सोसायटी जागा देत नाही.

चौकशी खिडकी
रक्तदानाला १८ वर्षं पूर्ण आणि ४५ किलो वजन लागतं, त्यामुळे शाळकरी पोरांनी नावनोंदणी, पाणी-बिस्किटं आणि रक्त दिलेल्याला थोडा वेळ बसवून ठेवणं एवढंच करावं. पटकन उठला की चक्कर येते.

अकरावी अ
एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) असलेलं कॉलेज असेल तर वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तासांची नोंद त्याच दिवशी वहीत सही घेऊन करा. मार्चमध्ये आठवून लिहिलेल्यावर कुणी सही करत नाही.

पूर्वभाग
कुठेही विचारायला जाताना 'काही काम आहे का?' म्हणू नका, 'बघू' म्हणून वाटेला लावतात. 'शनिवारी चार ते सहा, दोघं जण, दिवाळीपर्यंत' असं सांगा, आणि घरच्यांचं सहीचं पत्र सोबत न्या.