मदत हवी आहे: परिसंस्था, अधिवास, समुदाय, समष्टी यांतला फरक

गवतफूल
परिसंस्था, अधिवास, समुदाय, समष्टी, निश, जाती, प्रजाती. तीन ठिकाणी वाचलं, सगळं एकच वाटतंय. प्रजातीचा अर्थ तर दोन पुस्तकांत दोन. शनिवारच्या आत हवंय. लिंका नकोत, इथेच लिहा.

आडवाट
कशासाठी हवंय? स्पर्धा परीक्षेला व्याख्या लागते, मुलांना उदाहरण लागतं.

टिपकागद
आधी दुर्बीण घ्या, ८×४२. १०×५० जड पडते, हात जरा हलला की पक्षी दिसत नाही.

गवतफूल
दुर्बीण नकोय. आठवीची ३० मुलं न्यायची आहेत. व्याख्या सांगा ना.

आडवाट
न्यायची कुठे? नदीवर, जंगलात?

गवतफूल
माळावर. सोलापूरजवळ. दोन तास आहेत.

आडवाट
मग सगळे शब्द माळावरच बसवू. कुसळी ही गवताची एक जाती. त्या माळावरची सगळी कुसळी मिळून तिची समष्टी. समष्टी म्हटलं की जागा आणि वेळ सांगावीच लागते, 'ससे खूप आहेत' हे मोजमाप नव्हे. कुसळी, नाकतोडे, सरडे, चंडोल, खोकड, मातीतली बुरशी, म्हणजे तिथले सगळे सजीव, हा समुदाय. त्यात मुरूम, ऊन, पाऊस आणि या सगळ्यांतली देवघेव धरली की परिसंस्था. हा शब्द टान्सली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली आणला, तो सजीव-निर्जीव वेगळे काढता येत नाहीत हे सांगण्यासाठीच.
लांडगा आणि खोकड यांचा अधिवास, म्हणजे राहायची जागा, एकच, उघडा माळ. पण लांडगा काळवीट आणि मेंढ्या धरतो. खोकड उंदीर, किडे, बोरं खाते. निश, म्हणजे काय खाऊन कसं जगायचं ती रीत, वेगळी, म्हणून एका माळावर दोघांचं भागतं.

शब्दवेध
प्रजातीचा घोळ खरा आहे. विश्वकोशात आणि शालेय पुस्तकांत क्रम असा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वाघ, सिंह, बिबट्या या पँथेरा नावाच्या एकाच प्रजातीतल्या तीन जाती. हिंदीत मात्र 'प्रजाति' म्हणजे आपली जाती, आणि वर्तमानपत्रांत तोच अर्थ शिरलाय.

नांगरट
शिरला नाही, रुळला. वर्गात 'जाती' म्हटलं की मुलांच्या मनात भलताच अर्थ येतो. प्रजातीच म्हणावं, वरच्या पायरीला वंश.

शब्दवेध
आणि परीक्षेच्या पेपरात तसं लिहिलं तर गुण कोणाचे जाणार? अडचण वाटत असेल तर 'जीवजाती' म्हणा, पण पायऱ्यांची अदलाबदल नको.

हिरवाई
एवढी मुलं नेताच आहात तर प्रत्येकी एक रोप लावून घ्या. पडीक माळ हिरवा होईल.

आडवाट
कृपा करून नको. माळ पडीक नसतो. झाडांची सावली पडली की उन्हातलं गवत हटतं. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. झाडं आली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीला फांदी मिळते. त्याच्यासाठी राखलेलं नान्नजचं अभयारण्य तुमच्याच जिल्ह्यात आहे.

मोजपट्टी
व्याख्या फळ्यावर राहू द्या, चौकट मांडा. पाच-पाचचे सहा गट. प्रत्येकाला चार खुंट्या आणि साडेचार मीटर सुतळी (अर्धा मीटर गाठींना जातो), म्हणजे १ मीटर बाय १ मीटर. कर्णही मोजा, १ मीटर ४१ सेंटिमीटर भरला नाही तर चौकट तिरकी झालीय. जागा मुलांना निवडू देऊ नका, ती फुलं असलेलीच निवडतात आणि आकडा फुगतो. पायवाटेपासून दर २० पावलांवर एक चौकट. आधी नाकतोडे मोजा, गवताला हात लागला की ते उडतात. गवताचे ठोंब मोजायचे, पाती नाहीत. कडेवरचा ठोंब डाव्या आणि वरच्या कडेचा धरायचा, उरलेल्या दोन कडांचा सोडायचा. सहापैकी चार चौकटींत कुसळी मिळाली तर वारंवारता ६७ टक्के. पावसाळा संपल्यावर जाणार असाल तर पायमोजे पँटवर ओढू नका, कुसळं त्यांतच घुसतात.

गवतफूल
चौकटीचं करते. शेणकिडा विघटकांत धरायचा ना?

मोजपट्टी
नाही. तो शेण खातो, पुरतो, तुकडे करतो. रेणूंपर्यंत मोडणारे जिवाणू आणि बुरशी, ते विघटक. शेणकिडा त्यांचं काम सोपं करतो. वाळवीचंही बरंचसं तसंच, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव नाहीतर वारुळातली बुरशी काष्ठ पचवते.

गवतफूल
आणि निशला मराठीत काय म्हणू?

आडवाट
पहिल्या तासाला शब्द सांगूच नका. खोकडीचं बीळ लांबून दाखवा, मग आसपास तिची वाळलेली विष्ठा शोधा. हातमोजा घालून काडीने फोडा. बोराच्या बिया, उंदराचे केस, किड्यांचे पंख निघतील. ते वहीत लिहून घ्या आणि शेजारी लांडग्याचा रकाना मोकळा ठेवा.