मैत्रिणीच्या ओळखीतल्या मुलाच्या केट्या, मी मदत करते म्हणून बसले, आता काय?

निवृत्त_गणितवाली:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत असते, ज्युनियर कॉलेजला गणित शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. माझ्या मैत्रिणीच्या माहेरी देवगडकडे शेजारी एक आंबा बागायतदार कुटुंब आहे, मी त्यांना एकदाच लग्नात भेटलेय. त्यांचा मुलगा इथे इंजिनिअरिंगला, सेकंड इयर, आणि फर्स्ट इयरच्या तीन केट्या (नापास राहिलेले विषय) डोक्यावर, एम वन, एम टू (म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या सेमचं गणित) आणि मेकॅनिक्स. बारावीला 82 टक्के होते. (निकालात कोकण बोर्ड पहिलं आलं की आपण किती मिरवतो, पुढे पोरांचं काय होतं ते कोणी छापत नाही.) घरी त्याने एकच केटी सांगितली होती, बाकीच्या दोन गणपतीत चुलतभावाच्या तोंडून फुटल्या, आणि पाहुण्यांसमोरच तमाशा. मैत्रीण फोनवर हे सांगत होती आणि मी बोलून गेले, पाठव त्याला माझ्याकडे. झालं! दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन, मॅडम आता तुम्हीच काय ते बघा, आणि तो काय करतो ते आम्हाला कळवत जा. फी नको म्हटलं तर हापूसची पेटी पाठवते म्हणाल्या, ऑक्टोबरात कुठली पेटी! पण मुलाला कोणी विचारलंय का तेच कळत नाहीये. परवा यायचाय. सुरुवात कशी करू?

चिपळूण_ते_पनवेल:
मॅडम, मी स्वतः चार केट्यांचा माणूस. पहिलं म्हणजे तारखा बघा. मुंबई युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयर पूर्ण क्लिअर नसेल तर थर्ड इयरला बसता येत नाही, म्हणजे त्याच्याकडे हिवाळ्याची परीक्षा आणि मेची, बस. तिन्ही एकदम धरू नका. एम वनमध्ये कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स आणि पार्शल डिफरन्सिएशन पक्कं केलं तरी पेपर निघतो, एम टू मे महिन्यासाठी ठेवा. आणि पुढच्या निकालाला थोडक्यात गेला तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायला लावा, मुदत फार कमी असते, मी एकदा ती चुकवून बसलोय.

कलमांची_राखण:
आम्ही पण बागायतदारच, म्हणून सांगते, राग मानू नका. दुसऱ्या सेमची परीक्षा ऐन मेमध्ये, म्हणजे आंबा उतरवायच्या दिवसात. मार्चपासून दर शनिवार-रविवार तो घरी जात होता का ते विचारा. नेपाळी कामगार असले तरी अढी लावणं, पेट्या भरणं, गाडीबरोबर जाणं यात घरचं माणूस लागतंच, आणि आपल्याकडे त्याला काम म्हणायची पद्धतच नाही, "जरा हातभार लाव" एवढंच. आमच्या मोठ्याचं असंच एक वर्ष गेलं, आम्हाला कळलंसुद्धा नाही.

मालवणचो_म्हातारो:
बाय, झिलाक आदी जेवूक घाल, मगे गणित. हॉस्टेलचा खावन कोण पास जाता!

समुपदेशक_कुडाळ:
आईला रिपोर्ट देऊ नका. आईलाच सांगा की अभ्यासाचं काही असेल तर तो स्वतः सांगेल. एकदा का तुम्ही घरच्या हेर झालात की तो वही घेऊन येईल पण खरं बोलणार नाही, त्याने दोन केट्या लपवल्यात त्या याच भीतीने. झोप, जेवण, मित्र याकडे लक्ष असू द्या. खोलीतून बाहेरच पडत नसेल, जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलला तर गणित बाजूला ठेवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात, पण त्याला एकट्याला नंबर देऊन मोकळ्या होऊ नका, शेजारी बसून लावा.

निवृत्त_गणितवाली:
येऊन गेला. आईला आधीच फोन करून स्पष्ट सांगितलं, थोड्या नाराज झाल्यात. तो अर्धा तास गप्प, मग सोलकढी-भात दोनदा घेतला (मालवणच्या आजोबांना नमस्कार) आणि हळूहळू बोलता झाला. एम वन तीन मार्कांनी गेलाय. पार्शल डिफरन्सिएशन त्याला छान येतं हो, सूत्रं तोंडपाठ, पण इंग्रजीत प्रश्न जरा फिरवून विचारला की अडतो, दहावीपर्यंत मराठी मीडियम. हे त्याने कॉलेजात कोणालाच सांगितलेलं नाही. एप्रिल-मेचं विचारलं तर म्हणाला, "काकी, बाबांची कंबर गेलीय, पेट्या कोण उचलणार?" मला काही बोलायला सुचलंच नाही. मैत्रिणीला म्हटलंय, पुढच्या सीझनला माणसाचं काय करायचं ते तू माहेरी बोल, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. गुरुवारी परत येतोय, जुने पेपर घेऊन.